कोणी कोणाची भाषा शिकायची?



भाताची झोडणी झाली, दिवाळी सरली, की तलासरी तालुक्यातले पाडे हळूहळू रिकामे होऊ लागतात. पहाटे फाट्यावर टेम्पो उभा असतो. त्यात आधी भांडी आणि गोधड्या चढतात, मग कोंबड्या, मग म्हाताऱ्या आणि शेवटी अर्धवट झोपेतली पोरे. कोणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर जाते, कोणी वापी-उंबरगावच्या कारखान्यात. खलाशी म्हणून जाणारे तरुण तर त्याआधीच, पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठताच, वेरावळ-पोरबंदरच्या बोटींवर गेलेले असतात. होळीला ज्याला जमेल तो घरी येतो. बाकीचे पावसाच्या तोंडावर.

स्थलांतर म्हटले की मजुरी, मुकादमाची उचल, कुपोषण, शाळागळती हे विषय लगेच पुढे येतात. ते महत्त्वाचे आहेतच. पण या वेळी त्या टेम्पोबरोबर जाणाऱ्या आणि सहसा कोणाच्या लक्षात न येणाऱ्या एका गोष्टीविषयी लिहायचे आहे. ती म्हणजे भाषा.

त्या टेम्पोतला वीस-बावीस वर्षांचा एखादा मुलगा घ्या. घरी तो वारली बोलतो. शाळेत मराठी शिकला. उंबरगावच्या बाजारात गुजरातीत घासाघीस करतो. भट्टीवर किंवा कारखान्यात उत्तरेकडून आलेल्या सोबत्यांशी हिंदीत बोलतो. चार भाषा झाल्या. आपल्यापैकी किती जणांना चार भाषांत हिशेब करता येतो, थट्टा करता येते, वेळ आली तर भांडता येते? तरीही आपण त्याला 'अडाणी' म्हणतो. मीही कितीदा म्हटले आहे. कारण त्याची पहिली भाषा आपण भाषा म्हणून धरतच नाही आणि उरलेल्या तीन त्याला 'नीट' येत नाहीत.

नवख्या मुलखात जाणाऱ्याने तिथली भाषा शिकावी, हा जगाचा रिवाज आहे आणि तो रास्तही आहे. मुंबईत राहणाऱ्याने मराठी शिकावी असे आपण म्हणतो; आपली मुले अमेरिकेला गेली की ती इंग्रजी बोलू लागतात. या रिवाजाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट तर आपल्या शेजारीच घडली असे मानतात. तलासरीहून गुजरातची हद्द ओलांडली की थोड्याच अंतरावर संजाण लागते. इराणातून आलेले पारशी तिथे उतरले, असे १५९९ साली लिहिलेल्या 'किस्सा-ए-संजाण' या फारसी काव्यात सांगितले आहे. तिथल्या राजाने, जादी राण्याने, त्यांना आसरा दिला. पण अटी घातल्या. शस्त्रे खाली ठेवा, तुमच्या स्त्रियांनी इथला पोशाख करावा, आणि तुमची भाषा सोडून इथली भाषा बोला. पारशांनी अट मानली. त्यांची गुजराती आज त्यांच्या ओळखीचाच भाग झाली आहे. दुधात साखर विरघळल्याची जी कथा आपण ऐकतो, ती याच आगमनाची.

पुढे संजाण पडले तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी बहारोटच्या डोंगरातल्या गुंफांत सुमारे बारा वर्षे राखला. बोर्डीजवळचा हा डोंगर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. सहलीला जातो तेव्हा मुले मला विचारतात, की त्या वेळी इथे आपली माणसे होती का? आपण ऐकतो त्या गोष्टीत राजा आहे, पाहुणे आहेत, पण डोंगरातल्या माणसाला जागा नाही. राजाने जपायला सांगितली ती 'इथली' भाषा नक्की कोणाची, हा प्रश्नही त्या गोष्टीत येत नाही.

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. डहाणू-तलासरीत हा रिवाज उलटा चालला. जे आले त्यांनी इथल्यांची भाषा शिकली नाही; जे आले त्यांची भाषा इथल्यांना शिकावी लागली. जंगलाचा ठेकेदार आला, सावकार आला, जमीनदार आला, नंतर डहाणू-घोलवडच्या पट्ट्यात इराणी बागायतदार आले आणि त्यांनी चिकूच्या वाड्या उभ्या केल्या (त्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले). या लोकांनी मेहनत केली नाही असे माझे म्हणणे नाही. पण वाडीत राबणारा वारली मालकाची भाषा शिकला. मालकाला वारली शिकण्याची गरज पडली नाही. सावकाराच्या वहीत आपल्या नावावर काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नव्हते, त्याची जमीन गेली आणि त्याची पोरे वेठीला लागली. १९४५ च्या वारल्यांच्या उठावाचा इतिहास गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितला आहे. त्यांच्या राजकीय विचारांशी आपल्यातल्या अनेकांचे जमणार नाही, पण या भागात काम करणाऱ्या प्रत्येकाने ते पुस्तक वाचावे असे मी आग्रहाने सांगतो.

मग १ मे १९६० उजाडला. मुंबई राज्याचे भाषेच्या पायावर दोन भाग झाले. मराठी बोलणाऱ्यांना महाराष्ट्र मिळाला, गुजराती बोलणाऱ्यांना गुजरात. तोवर ठाणे जिल्ह्यात असलेल्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातकडे गेला. इकडे राहिलेल्या गावांतून आजचा तलासरी तालुका घडला. पलीकडे दादरा-नगर हवेली होतीच, तीही तेव्हा नुकतीच पोर्तुगीजांकडून सुटलेली. वारली माणूस मात्र तिन्हीकडे होता आणि आहे. देव तेच, तारपा तोच, लग्नातला चौक तोच. भाषावार प्रांतरचना झाली, पण वारली भाषेच्या मधून हद्द गेली. एका घरातला थोरला भाऊ मराठी शाळेत गेला, पलीकडे दिलेल्या बहिणीची मुले गुजराती शाळेत. ते एकमेकांशी वारलीत बोलतात, पण एकमेकांना पत्र लिहू शकत नाहीत. लिपीसुद्धा वेगळी.

ही हद्द एरवी कोणाला जाणवत नाही. २०२० च्या टाळेबंदीत जाणवली. गुजरातच्या बंदरांवरून बोटींनी परत निघालेले डहाणू-तलासरीचे खलाशी समुद्रातच अडकून पडले, कारण राज्याच्या हद्दी बंद होत्या. किनारा डोळ्यांना दिसत होता. आमच्या ओळखीच्या एका घरात त्या दिवसांत रोज संध्याकाळी फोनची वाट पाहत सगळे अंगणात बसून असत.

खलाशांचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. गुजरातच्या बोटीवरचा आमचा माणूस पाकिस्तानच्या हद्दीत पकडला गेला, तर तो कराचीच्या तुरुंगात जातो. भारत आणि पाकिस्तान दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दिवशी एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. यादीत नाव आले तरी तो भारतीय आहे याची खातरजमा व्हावी लागते, आणि ती त्याच्या गावाहून होते. बोट गुजरातची, मालक गुजरातचा, माणूस महाराष्ट्राचा, आणि त्याच्या घरची बोली या दोन्हींहून वेगळी. एकाच माणसाचे नाव गुजराती, मराठी आणि इंग्रजी अशा तीन लिपींतून फिरते तेव्हा त्याचे काय होत असेल, याचा विचार करा. म्हणून आता खलाशी निघण्यापूर्वी आम्ही त्यांच्या आधारकार्डाची आणि रेशनकार्डाची प्रत घरी ठेवून घ्यायला सांगतो, आणि दोन्हींवरचे नाव एकसारखे आहे ना, ते पाहतो. काम क्षुल्लक वाटते. वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या बायकांना तसे वाटत नाही.

आता शाळेकडे येऊ. २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी सक्तीची केली, महाराष्ट्रभर वाद पेटला आणि जूनच्या अखेरीस तो निर्णय मागे घेण्यात आला. सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषांचे ओझे टाकू नका, असे मोठमोठे शिक्षणतज्ज्ञ सांगत होते. ते बरोबरच बोलत होते. पण मला त्या दिवसांत सारखे वाटत होते, की कोणीतरी तलासरीच्या एखाद्या पाड्यावरची पहिली बघून यावे. तिथल्या मुलावर तीन भाषांचे ओझे आजच आहे. तो वारली घेऊन येतो. पुस्तक मराठी आहे. आणि २००० सालापासून इंग्रजीही पहिलीपासूनच आहे. मराठी त्याची मातृभाषा धरून सगळी गणिते मांडलेली असतात. त्या मुलासाठी ती दुसरी भाषा आहे हे वेळापत्रकाला ठाऊक नसते.

तो गप्प बसतो. गप्प बसलेल्या मुलाला शिक्षक 'मंद' म्हणतात. तो शाळेत यायचा थांबतो आणि मग आपण शाळागळतीवर लेख लिहितो.

हे मी कोणा दुसऱ्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. मी या भागात नवा आलो तेव्हा आमच्याच वसतिगृहात नियम होता : 'मराठीतच बोला.' मुलांना पुढे जायला मराठी लागणार, त्यांच्या भल्यासाठीच हा नियम, असे आम्ही मनापासून मानत होतो. त्या वर्षी दुसरीतली एक मुलगी दाखल झाली. जून, जुलै, ऑगस्ट, ती एक शब्द बोलली नाही. आम्हाला वाटले, तिला ऐकू येत नसावे. कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचे ठरत होते. एके दिवशी दुपारी स्वयंपाकघराच्या मागे गेलो, तर भांडी घासणाऱ्या मावशींपाशी बसून ती अखंड बोलत होती. घरची म्हैस, आजी, पाड्यावरचे भांडण, सगळे. मला पाहताच गप्प झाली. तो नियम त्या वर्षीच काढला, पण त्याआधी किती मुले अशी गप्प राहून परत गेली, त्याचा हिशेब आमच्याकडे नाही.

खरे तर मार्ग दाखवणारी माणसे याच भागात होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा विचार त्यांनी करून दाखवला. मुले गुरे चारायला जातात, तर कुरणातच शाळा भरवली. आज देशभर सरकारी कागदांवर असलेला 'अंगणवाडी' हा शब्द आपल्या या भागाने दिला आहे. पुढे विधायक संसद या संस्थेने वसई भागात वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. मूल जिथे जाईल तिथे शाळा न्यायची, हे आपण शिकलो. मूल जी भाषा बोलते तिथून शाळा सुरू करायची, हे मात्र अजून पुरते शिकलेलो नाही. राज्यघटनेचे कलम ३५०(क) प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून सोयी करायला सांगते, २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तेच सांगते. पण डहाणूत दहांपैकी जवळजवळ सात आणि तलासरीत दहांपैकी नऊ माणसे आदिवासी असूनही, पाड्यावरच्या शिक्षकाला वारली येते की नाही, हा प्रश्न बदलीच्या वेळी कोणी विचारत नाही.

वारली शिकवली तर मुले मागे पडतील, मराठी कच्ची राहील, अशी भीती पालकांनाही वाटते. ती खोटी नाही. तहसील कचेरीत वारलीतून अर्ज घेत नाहीत. पण मराठी हवीच असेल, तर तिच्याकडे जाण्याचा पूल घरच्या भाषेतूनच बांधावा लागतो. जे मूल 'का?' हा प्रश्न आपल्या भाषेत विचारू शकत नाही, ते तो दुसऱ्या भाषेतही विचारत नाही, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

आणि आता या सगळ्यातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट. अनुसूचित जमातीच्या मुलाला व्यावसायिक शिक्षणाला प्रवेश घेताना जातवैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी १९५० पूर्वीची कागदपत्रे पाहतात. त्यांवर समितीचे समाधान झाले नाही तर पुढची चौकशी होते. तीत जमातीचे देव, सण, लग्नविधी, मर्तिकाच्या रीती विचारतात, आणि बोलीही विचारतात. याला आप्तभाव चाचणी म्हणतात. म्हणजे पहिलीत 'असे बोलू नको' म्हणून जी भाषा दाबली, तीच बारावीनंतर 'बोलून दाखव' म्हणून मागायची! आमचा एक माजी विद्यार्थी लहानपणापासून वसतिगृहात वाढला, आई-वडील भट्टीवर. चौकशीची नोटीस आली तेव्हा तो आठ दिवस आजीजवळ जाऊन बसला. लग्नात धवलेरी काय करते, कणसरी कोण, हे विचारून वहीत लिहून घेत होता. स्वतःचीच ओळख परीक्षेसारखी पाठ करत होता. आजी आधी हसली, मग रडली.

सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ च्या निकालात स्पष्ट केले आहे, की ही चाचणी जमात ठरवण्याची एकमेव कसोटी मानता येणार नाही. स्थलांतरामुळे, शिक्षणामुळे, इतरांच्या सहवासामुळे माणसाच्या रीतीभाती बदलतात. हा निकाल आपल्या भागातल्या तरुणांना माहीत असायला हवा. त्याचबरोबर हेही, की जमातींची सूची राज्यानुसार असते. वारली जमात महाराष्ट्र आणि गुजरात दोन्हींच्या सूचीत आहे, तरी १९५० नंतर हद्द ओलांडून आलेल्या कुटुंबाला दुसऱ्या राज्यात आपोआप सवलती मिळत नाहीत. म्हणून पलीकडे सोयरीक करताना मुलीचे मूळ दाखले सांभाळून ठेवा, असे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो.

आपण शास्त्र वाचणारी माणसे आहोत, म्हणून आपल्याला हे ओळखीचे वाटायला हवे. प्रमुख याजकाच्या अंगणात शेकोटीपाशी बसलेला पेत्र आपल्या बोलीवरूनच गालीली म्हणून ओळखला गेला. त्या रात्री गालीली बोलीची त्याला भीती वाटली असणार. पन्नासाव्या दिवशी मात्र त्याच गालीलकरांचे बोलणे यरुशलेमेत जमलेल्या परदेशांतल्या लोकांना आपापल्या भाषेत ऐकू आले. तिथे लोकांना आधी एक भाषा शिकायला लावली नाही. आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेची मुळेही यातच आहेत. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात राहून मराठी आत्मसात केली आणि 'ख्रिस्तपुराण' लिहिले. ते १६१६ मध्ये छापले गेले. विल्यम केरी यांनी मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये काढले. परक्यांनी आपली भाषा शिकली, याचा आपल्याला अभिमान आहे. मग तलासरीत परके कोण? वसईहून, नाशिकहून, नगरहून आलेले आम्ही सेवक. वसईच्या वाचकांना हे लवकर कळेल; त्यांच्या आजीची कादोडी किंवा वाडवळी शाळेत चालत नव्हती, हे त्यांच्या घरात अजून आठवत असेल.

गेल्या वर्षापासून आमच्या उपासनेत एक प्रार्थना वारलीत होते. ती पाड्यावरची एक आजी करते, आम्ही नाही. मागच्या रांगेत बसणाऱ्या बाया, ज्या वर्षानुवर्षे फक्त डोके झुकवून बसत, त्या आता मध्येच हुंकार देतात. आमचे उच्चार ऐकून मुले खूप हसतात. हसू द्यावे. अनेक वर्षे आम्ही त्यांच्या मराठीला हसलो आहोत.

आता कामाची एक गोष्ट. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीत वारलीचे वर्णन १९०५ साली निघालेल्या मराठीच्या खंडात आले. आजची जनगणना मात्र वारली आणि कोकणा या मातृभाषांची नोंद 'भिली/भिलोडी' या गटात करते. विद्वानांचा तो वाद आपल्याला सोडवायचा नाही. पण गणना करणाऱ्याने मातृभाषेच्या रकान्यात 'मराठी' लिहिले, तर गटाचा प्रश्नच उरत नाही. तो माणूस वारली बोलणारा म्हणून मोजलाच जात नाही. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती, अशी जनगणनेची व्याख्या आहे. विचारल्याशिवाय ती कळत नाही, आणि विचारले तरी बरेच जण संकोचाने 'मराठी' सांगतात.

पुढची लोकगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. फेब्रुवारीत आमचे पाडे रिकामे असतील. गणनेचा सगळा काळ जे कुटुंब भट्टीवर असेल, त्याची मोजणी भट्टीवरच होईल, आणि तिथे येणाऱ्या प्रगणकाला वारली ही वेगळी भाषा आहे हे माहीत असेलच असे नाही. म्हणून दिवाळीनंतर टेम्पो निघण्याआधी प्रत्येक पाड्यावर एक बैठक घ्यायची आम्ही ठरवले आहे. वसई, भिवंडी, वाडा या भागांतल्या मंडळ्यांना विनंती आहे, की आपल्या आसपास कोणत्या भट्ट्यांवर आमची कुटुंबे उतरली आहेत याची यादी आम्ही जानेवारीत कळवू. त्या आठवड्यात तुमच्यापैकी दोघा-तिघांनी तिथे एक फेरी मारावी. जाताना मुलांसाठी पाट्या न्या. आणि भट्टीवरच्या एखाद्या आजीला तिची भाषा कोणती ते विचारा. पहिल्यांदा ती मराठीच सांगेल. पुन्हा विचारा.